जस्तावरचा निळा रंग

माझे वडील पेंटर होते. अहमदपुरात त्यांना पत्र्याचा पेंटर म्हणत. भिंती रंगवणारे गावात पुष्कळ होते, पाट्या लिहिणारेही होते. पण गोदामाचं शटर, पाण्याची टाकी, गिरणीवरचं छप्पर असं जस्ताच्या पत्र्याचं काम निघालं की लोक वडिलांना शोधत आमच्या वस्तीत यायचे. एरवी ज्यांचे पाय वस्तीकडे वळत नसत, तेसुद्धा यायचे आणि दारात उभं राहून ‘पेंटर हायत का घरी?’ असं अदबीनं विचारायचे. आई त्यांना पाणी द्यायची. काही जण प्यायचे, काही जण आत्ताच पिऊन आलो म्हणायचे. वडिलांना दोन्ही कळायचं. ते ब्रश पिशवीत टाकून कामावर निघायचे.

नवा पत्रा रंगवणं अवघड असतं हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. इतका गुळगुळीत, चकचकीत, त्याच्यावर ब्रश फिरवला की झालं. ब्रश फिरतोही छान. वर्षभर रंग दिसतोही छान. मग एखाद्या उन्हाळ्यानंतर त्याला फुगे येतात, आणि नख लावलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखा अख्खाच्या अख्खा निघून येतो. खाली पत्रा जसा कारखान्यातून आला तसा स्वच्छ. वडील म्हणायचे, लोखंड रंग पितं, जस्त पीत न्हाई, त्याला आधी तहान लावावी लागती.

ही तहान लावायची रीत ते नांदेडला एका हैदराबादी उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. आधी साबणाच्या पाण्यानं पत्र्याचं तेल काढायचं. मग पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायचं, इतकं हलकं की चमक जावी पण जस्त जाऊ नये. मग मोरचुदाच्या पाण्यात चिंधी बुडवून एका कोपऱ्यात पुसून बघायचं. शेतकरी फवारणीला वापरतात तेच निळं मोरचूद. पत्रा लगेच काळा पडला तर जस्त उघडं आहे, रंग धरेल. काळा पडला नाही तर त्याच्यावर काहीतरी बसलेलं आहे, अजून घासा. तो डाग धुऊन टाकायचा, पत्रा वाळू द्यायचा आणि मगच प्रायमर. हे सगळं करायला दोन-तीन दिवस जायचे. गिऱ्हाईक कुरकुर करायचं. वडील ऐकून घ्यायचे आणि आपल्याच गतीनं काम करायचे.

मी नांदेडला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. दुसऱ्या वर्षाला असताना एका सुट्टीत घरी आले तेव्हा मी वडिलांना सांगितलं की ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांचा मिळून साबण तयार होतो, रंगाच्या खाली, म्हणून तो सुटतो. वडिलांनी हातातलं काम थांबवलं. साबण, असं दोनदा म्हणाले आणि हसले. मग कितीतरी दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की याच्याखाली साबण होतो, माझ्या पोरीनं सांगितलं, कालेजात हाय ती. तीस वर्षं जे त्यांच्या बोटांना माहीत होतं, त्याला माझ्यामुळे कारण मिळालं असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. त्या वाटण्याची पुढे किंमत द्यावी लागली, आणि ती मी दिली नाही.

डिग्रीनंतर मला लातूरच्या एमआयडीसीत एका गॅल्वनायझिंगच्या कारखान्यात नोकरी लागली. लोखंडाचे खांब, अँगल, जाळ्या यायच्या. आम्ही त्या आम्लाच्या टाकीत साफ करून वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढायचो. माझं काम प्रयोगशाळेत होतं. जस्ताचा थर किती जाड बसला ते मीटर लावून मोजायचं, टाक्यांमधलं पाणी तपासायचं, प्रत्येक मालाचं कार्ड भरायचं. प्रयोगशाळेत मी एकटीच बाई होते. वस्तीतून अशा नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. विहारात माझा सत्कार झाला. विहार समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी मला शाल दिली आणि लहान मुलींना पुढे बोलावून माझ्याकडे बघायला सांगितलं. वडील मागे खांबाला टेकून उभे होते.

पुढच्याच वर्षी विहारासमोर मंडप बांधायचं ठरलं. वर्षावासात ग्रंथवाचनाला बायका पावसात भिजायच्या, उन्हाळ्यात कार्यक्रमाला सावली नसायची. घरोघरी वर्गणी गोळा झाली. साधं लोखंड लावलं असतं तरी चाललं असतं, पण मीच गुरुजींना म्हटलं की खांब आणि छपराखालच्या तिकोनी कैच्या आमच्या कारखान्यातून जस्त चढवून घेऊ, पन्नास वर्षं बघायला नको. वरून निळा रंग द्यायचा होता. रंगाचं काम कोण करणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही. वडिलांनी सांगून टाकलं की ते श्रमदान असेल.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जस्त चढवलेला माल ओला राहिला, एकावर एक रचून ठेवला, तर त्याच्यावर पांढरी भुकटी धरते. आम्ही त्याला पांढरा गंज म्हणतो. तो होऊ नये म्हणून माल कढईतून काढला की डायक्रोमेटच्या पिवळ्या पाण्यात बुडवतात. डोळ्याला धड दिसतही नाही असा पातळ थर त्याच्यावर बसतो आणि जस्ताला राखतो. पण तोच थर रंगालाही आत येऊ देत नाही. म्हणून ज्या मालाला पुढे रंग द्यायचा असतो तो या टाकीत बुडवायचा नसतो. मंडपाच्या मालाच्या कार्डावर मी स्वतः लाल शाईनं लिहिलं होतं: रंगकाम होणार आहे, डायक्रोमेट नको. आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्याच आठवड्यात मला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. मी परत आले तोवर माल अहमदपूरला गेलेला होता.

हिवाळ्यात वडिलांनी काम सुरू केलं. एका सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी मीटर घेऊन यार्डात उभी होते, मागे क्रेनचा आवाज चालू होता. वडील म्हणाले, “हा खांब काळा पडंना गं. मोरचूद लावून राहिलो, नुसते डाग डाग येऊन राहिले. डुबवलाय का ह्याला?”

मी प्रयोगशाळेत जाऊन कार्ड काढलं. माझीच लाल अक्षरं बघितली. रजिस्टर शेजारच्या खोलीत होतं, वीस पावलांवर. ते मी उघडलं नाही. मी फोनवर सांगितलं, “नाही बाबा, डुबवलेला नाही. मीच लिहिलंय कार्डावर.” मग पुढचं वाक्य बोलले, जे बोलायची काही गरज नव्हती. “आणि ते मोरचूद सोडा आता. जुन्या काळातलं आहे ते. चांगल्या कंपनीचा वॉश प्रायमर आणा, त्यातच आम्ल असतं, तो आपोआप धरतो.”

ते म्हणाले, “तू म्हणतीस तर ठीक हाय.”

एवढंच. त्यांच्या तीस वर्षांच्या बोटांनी त्यांना बरोबर सांगितलं होतं आणि माझ्या एका वाक्यानं त्यांनी त्या बोटांवर अविश्वास दाखवला. मी शिकलेली होते ना.

मंडप सुंदर झाला. निळे खांब, निळ्या कैच्या, वर पांढरे पत्रे. उद्घाटनाला बाहेरून भन्ते आले होते. वडिलांना पुढे बोलावून फूल दिलं. ते फूल आईनं बुद्धमूर्तीपुढे ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात खांबांच्या बुडाशी फुगे आले. वडिलांनी ते खरवडून पुन्हा रंगवले, कोणाला काही बोलले नाहीत. मलाही नाही. मग पाऊस लागला आणि वर्षावास सुरू झाला. रोज संध्याकाळी बायका पांढरी लुगडी नेसून वाचन ऐकायला बसायच्या. एका संध्याकाळी वारं सुटलं आणि कैच्यांवरचा रंग पापुद्र्यांनी खाली पडायला लागला. पांढऱ्या लुगड्यांवर निळे तुकडे. बायका आधी हसल्या, एकमेकींच्या डोक्यातले तुकडे काढू लागल्या. मग हसणं थांबलं. आई त्या बायकांत बसलेली होती. तिनं मला नंतर सांगितलं, “कोणी माझ्याकडं बघितलं न्हाई, आन् तेच लई वाईट वाटलं.”

वस्तीत बोलणं सुरू झालं. प्रायमर एकच हात मारला असंल. श्रमदानाचं काम, मन लागलं नसंल. कोणीतरी म्हणालं, समितीनं आणलेल्या डब्यांतले अर्धे दुसऱ्या कामावर गेले. हे कोण म्हणालं ते कधी कळलं नाही, पण एका आठवड्यात ते सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी एकट्या गुरुजींना सांगितलं की मालातच काहीतरी हाय. गुरुजी सरळ माणूस. त्यांनी कारखान्याला पत्र लिहिलं की रंग का सुटला ते तपासून कळवावं.

ते पत्र आमच्या मॅनेजरच्या टेबलावर आलं. मॅनेजर मला म्हणाले, तुझं गावच आहे, रविवारी जाशील तेव्हा बघून ये.

मी एक लहान बाटली घेऊन गेले. तिच्यात लेड अॅसिटेटचं पाणी होतं. याचा थेंब उघड्या जस्तावर टाकला की तिथल्या तिथे काळा होतो. डायक्रोमेटचा थर असेल तर होत नाही, बराच वेळ जावा लागतो. दुपारी मंडपात कोणी नव्हतं. जिथला रंग सुटला होता तिथे खांबाच्या बुडाशी बसून मी थेंब टाकला आणि मनात आकडे मोजायला लागले. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले. थेंब पाण्यासारखाच होता. मी दुसऱ्या खांबाशी गेले, मग तिसऱ्या. तेच. वडिलांनी मोरचुदानं जे विचारलं होतं तेच मी महागड्या रसायनानं पुन्हा विचारत होते, आणि उत्तर तेच येत होतं. फक्त आता मंडपाचा रंग गेलेला होता.

घरी जेवताना वडिलांनी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. उद्या रजिस्टर बघते आणि मग सांगते, असं मी स्वतःला समजावलं.

सोमवारी रजिस्टर उघडलं. मी पुण्याला होते त्या दिवसांत परतीचा पाऊस आला होता. यार्डातला सगळा माल पांढरा पडेल या भीतीनं सगळाच्या सगळा डायक्रोमेटमध्ये बुडवला होता. मंडपाचे खांबही. मॅनेजरची सही होती. मी रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मंडपाचा पेंटर माझे वडील आहेत हेही सांगितलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला कदाचित बळ आलं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले की हे त्यांना पत्र आलं त्याच दिवशी आठवलं होतं. पण असं बघ, बुडवलेल्या मालावरसुद्धा रंग धरतो, नीट घासून तो थर काढला तर. नाही काढला म्हणून सुटला. म्हणजे तयारी कमी पडली हे खोटं नाही. तेवढंच लिहायचं. बाकी काही लिहायची गरज नाही. मग ते म्हणाले, “मुलगी म्हणून विचार करू नकोस. केमिस्ट म्हणून कर.”

माझ्या कायम होण्याचं पत्र त्या महिन्यात निघायचं होतं. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. करायची गरजच नव्हती, मीच तो मनात केला. मी लातूरला खोली घेतली होती. धाकट्या भावाचं कॉलेज माझ्यावर होतं. हे सगळं मी आता कारण म्हणून लिहिते आहे, पण त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा खरं सांगायचं तर मला भावाची आठवण आली नाही. मला त्या प्रयोगशाळेची आठवण आली. पांढरा कोट, काचेचं दार, दारावरची पाटी. ते सोडायचं नव्हतं.

मी लिहिलं: रंगकामापूर्वी पृष्ठभागाची तयारी अपुरी झाल्याचे दिसते. वाक्य छान होतं. त्यात कोणाचं नाव नव्हतं. शब्दाला शब्द खरं होतं. मी सही केली. पेंटरला माल उघडा आहे असं कारखान्यातून कोणी सांगितलं होतं, हे त्या वाक्यात बसत नव्हतं.

पंधरा दिवसांनी विहारात बैठक ठेवली. मी त्या रविवारी अहमदपुरात होते. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. गेले नसते तर काहीतरी लपवतेय हे लोकांना कळलं असतं असं वाटलं असावं. मी मागे बायकांत बसले. वडील पुढे, डावीकडे, चपला काढून मांडी घालून बसले होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता.

गुरुजींनी कारखान्याचं पत्र वाचलं. आधी थराची जाडी, ती बरोबर आहे. मग जस्ताचा दर्जा, तो बरोबर आहे. मग ते वाक्य. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाच्या तळाशी बघितलं आणि ते थांबले. कागद दुमडून खिशात ठेवायला लागले.

मागून कोणीतरी विचारलं की सही कोणाची आहे. गुरुजी म्हणाले, प्रयोगशाळेची. त्या माणसानं पुन्हा विचारलं, प्रयोगशाळेत कोणाची.

वडील उभे राहिले. ते कधी सभेत बोलत नसत. म्हणाले, “वाचा गुरुजी. माझ्या पोरीची सही हाय. तिनं लिहिलंय म्हंजी बरुबरच असंल. काम माझं कमी पडलं.”

एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं. मला उठून बोलता आलं असतं. चार वाक्यं पुरली असती. मी पदर सारखा करत बसले.

बैठक उठल्यावर मी वडिलांच्या मागे घरी निघाले. ते पुढे, मी चार पावलं मागे, असे आम्ही वस्तीच्या रस्त्यानं चाललो होतो. नळाजवळ बायका होत्या, त्यांनी वडिलांना रोजच्यासारखा जयभीम केला, त्यांनीही केला. घराच्या थोडं अलीकडे ते थांबले. माझ्याकडे न बघता विचारलं, “तो माल डुबवला व्हता ना?”

मी म्हटलं, “हाव.”

त्यांनी मान हलवली. एवढंच. रागावले नाहीत. आत गेले आणि आईला म्हणाले, जेवायला वाढ, पोरीला पाचची गाडी हाय.

मला बरेच दिवस वाटायचं की वडिलांनी मला वाचवलं. पण तो उपकार मला सहन होत नव्हता, आणि माणसाला उपकार सहन झाला नाही की तो उपकार करणाऱ्याला टाळतो. मी रविवारी जायचं कमी केलं. कधी काम, कधी ताप, कधी गाडी चुकली. त्या महिन्यात कायम झाल्याचं पत्र मिळालं. मी पेढे नेले नाहीत. आईनंच फोनवर विचारलं, कागद आला का. आला म्हटलं. बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला. पुढे कितीतरी महिने आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. वडिलांनी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिनं आयुष्यभर त्यांचे हात बघितले होते. कामात कमी करणारे ते हात नव्हते हे तिला सांगावं लागत नव्हतं.

मंडपाचं काम समितीनं लातूरच्या एका ठेकेदाराला दिलं. त्याची माणसं मशीन घेऊन आली, सगळा रंग आणि त्याखालचा थर घासून काढला, नवा प्रायमर, नवा रंग. तो टिकला. लोकांच्या दृष्टीनं तो पुरावाच होता. बघा, नीट केलं तर टिकतं. वडील त्या दिवसांत रोज सकाळी मंडपाशी जाऊन उभे राहायचे, मशीन कसं चालतं ते बघायचे. ठेकेदाराच्या माणसांना पाणी नेऊन द्यायचे. हे मला भावानं सांगितलं. मी तेव्हा त्याला म्हटलं, त्यांना सांग, जाऊ नका तिथं. भाऊ म्हणाला, तू सांग.

अहमदपूर काही मोठं गाव नाही. मोंढ्याच्या बाजारातल्या दोन व्यापाऱ्यांनी शटरचं काम दुसऱ्याला दिलं. एक पाण्याची टाकी ठरलेली होती, ती गेली. कोणी कारण सांगितलं नाही. घरी विचारायला येणारे कमी झाले आणि मग थांबले. वडिलांनी काही दिवस भिंतींची कामं घेतली, दुसऱ्या पेंटरच्या हाताखाली. भिंतीवर त्यांचा हात रमला नाही. मग चाकूरला एका गोदामावर राखणदार म्हणून राहिले. तिथलं शटर जस्ताचं होतं आणि त्याचा रंग सुटलेला होता. मालकानं एकदा त्यांना विचारलं की हे काय झालंय हो. वडील म्हणाले, माहीत न्हाई बा.

काही वर्षांनी मॅनेजर बढती घेऊन मोठ्या शहरात गेले. जाताना त्यांनी माझ्याबद्दल चांगलं लिहून ठेवलं. पुढे कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी हिशेब काढला की तपासणी बाहेरून करून घेतलेली परवडते, आणि प्रयोगशाळा बंद केली. आम्हा तिघांना एकाच दिवशी पत्रं मिळाली. कोट परत द्यायचा होता. मी तो धुऊन, इस्त्री करून दिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी गुरुजींना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. कार्ड, रजिस्टर, फोन, मोरचूद, माझी सही. चार पानं झाली. ती लिहिताना मी रडले आणि रडल्यामुळे मला बरं वाटलं, त्याचीही आता लाज वाटते. इतके दिवस जे सांगायला एक नोकरी द्यावी लागली असती, ते मी नोकरी गेल्यावर फुकट सांगत होते.

गुरुजी तोवर थकले होते, समितीवर दुसरी माणसं आली होती. मी त्यांना भेटायला गेले. माझं पत्र त्यांच्या उशाशी होतं. त्यांनी मला बसवून घेतलं. म्हणाले की त्यांनी ते नव्या अध्यक्षांना दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, आता मंडप चांगला आहे, जुनं उकरून काय करायचं. मग गुरुजींनी उशाशी असलेलं पत्र उचलून त्याची घडी घातली. मला वाटलं ते काही कठोर बोलतील. ते म्हणाले, “त्या दिवशी मी कागद दुमडला होता, बाळा. मला वाटलं, तू उठशील.”

वडिलांना हे पत्र भावाकडून कळलं. मी गेले तेव्हा ते अंगणात दोरी वळत बसले होते. पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. “कामून लिहिलंस? कोण मागितलं व्हतं तुला? आता लोक म्हणतील, नोकरी गेली म्हणून कंपनीवर राग काढून राहिली. आन् बापाला धुऊन घेऊन राहिली. तवा माझं एकट्याचं नाव गेलं व्हतं. आता तुजंबी गेलं.”

आणि तसंच झालं. वस्तीत अगदी हेच बोललं गेलं, जवळजवळ याच शब्दांत. ज्या म्हाताऱ्या बाईनं त्या दिवशी माझ्याकडे वळून बघितलं होतं तिनं आईला विचारलं की पोरगी तवा खोटं बोलली का आता बोलून राहिली. आई म्हणाली, मला काय माहीत. तिला माहीत होतं. पण तिलाही कंटाळा आला होता.

आता मी नांदेडला असते. एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासते. विष्णुपुरीकडची गावं बाटल्यांत पाणी भरून आणून देतात, मी त्यातले क्षार मोजते आणि खाली सही करते. प्रत्येक सहीच्या आधी मी कागद तीनदा वाचते. लोक मला फार काटेकोर म्हणतात.

वडिलांनी चाकूर सोडलं, आता घरीच असतात. तब्येत ठीक आहे. ब्रश, डबे, पत्र्याचे नमुने त्यांनी कोणालातरी देऊन टाकले. मी महिन्यातून एकदा जाते. आमच्यात भांडण नाही. ते माझी विचारपूस करतात, पगार वेळेवर होतो का, खोलीत पाणी येतं का. गेल्या खेपेला मी मनाशी ठरवून गेले होते की माफी मागायची, स्पष्ट शब्दांत. त्या फोनची मागायची. सहीची नाही, आधी फोनची. दुपारी आई शेजारी गेली तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, “बाबा, तुम्ही मला फोन केला होता, त्या दिवशी मी…”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. म्हणाले, “नांदेडची थेट गाडी आता साडेतीनला सुटती. टाइम बदलला. आधी इचारून घेत जा, न्हाईतर लोह्याला उतरून ताटकळत बसावं लागतं.”

मी बरं म्हटलं. तीन वाजता पिशवी उचलली. ते दारापर्यंत आले, नेहमी येतात तसे. स्टँडवर गाडी लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली.